फडताळं भिंतीतच राहिली : जुनी कपाटं निवडतानाच्या नोंदी, बडोदा २०२५

५ जानेवारी, रविवार

दांडिया बाजारातलं घर महिनाअखेरीस रिकामं करून द्यायचं आहे. त्या घरात कपाटं फारशी नव्हतीच. दोन फूट जाडीच्या भिंतींत सात फडताळं होती आणि चार पिढ्यांचं सामान त्यांत राहत आलं. माजघरातल्या फडताळात पूजेचं, स्वयंपाकघरातल्या दोन्हींत डबे आणि पितळी भांडी, ओटीवरच्यात आजोबांच्या वह्या. आता आम्ही जातोय तो कारेलीबागेतला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. तिथल्या भिंती साडेचार इंचांच्या. सामान सगळं बरोबर येईल, फडताळं येणार नाहीत.

भिंतभर प्लायवूडचं काम करून घ्यायचा अंदाज १,८०,००० रुपये आला. मी ६०,००० बाजूला काढलेत आणि तेवढ्यात जुनी कपाटं शोधून, दुरुस्त करून घर लावायचं ठरवलंय. खर्च, वाया गेलेले दिवस आणि चुका जशा होतील तशा इथे लिहीन.

१२ जानेवारी, रविवार

पहिलं कपाट घेतलं. जुन्या फर्निचरच्या एका गोदामात दारातच उभं होतं. साडेसहा फूट उंच, मध्ये आरसा, दोन्ही बाजूंना दारं, खाली दोन मोठे खण. चकाचक पॉलिश. "बेन, अस्सल सागवान, बेल्जियमचा आरसा," असं विक्रेता म्हणाला. किंमत १४,००० सांगितली, मी ११,५०० ला मागितलं, तो लगेच हो म्हणाला. टेम्पोचे ९०० वेगळे.

उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, दोन दिवस होते, माणसं मिळणार नाहीत म्हणून घाई केली. उघडून पाहिलं ते फक्त दार.

१६ जानेवारी, गुरुवार

आमच्या वाड्याची दारं ज्यांनी दोनदा दुरुस्त केली होती ते मिस्त्रीकाका आज आले. सत्तरीचे आहेत, अजून रंधा स्वतः चालवतात. त्यांनी कपाटाच्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. उकिडवे बसले, खालचा खण पूर्ण बाहेर काढला, तो ज्या खाचेत सरकतो तिथे बोट फिरवून मला दाखवलं. बोटाला बारीक राखाडी गाळ लागला होता.

"बेन, आ तो पूरनुं छे." म्हणजे, ताई, हे तर पुरातलं आहे.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी समा, फतेगंज, अकोटा अशा भागांत तळमजल्यांवर शिरलं होतं. तेव्हा भिजलेलं हे कपाट. काकांनी मला एकेक खूण दाखवली आणि मी ती तिथेच लिहून घेतली. पाठीच्या फळीवर जमिनीपासून एकवीस इंचांवर आडवी फिकट रेघ होती. तिच्या खालच्या सगळ्या चुका (बारीक खिळे) गंजलेल्या आणि लाकडावर गंजाचे ओघळ आलेले, वरच्या चुका मात्र साफ. खालच्या आडव्या पट्टीवर सागाचा पातळ पापुद्रा चिकटवलेला होता. तो नखाने उचकटला आणि आतून फुगलेलं प्लाय दिसलं. वरचं पॉलिश ताजं होतं आणि खणात नाक घातलं की ओलसर कुबट वास येत होता. नव्या पॉलिशच्या वासाने तो रविवारी झाकला गेला असणार.

पुरात भिजलेलं भरीव सागवान सावलीत हळूहळू वाळवलं तर पुन्हा कामाला येतं, असं काका म्हणतात. प्लाय आणि वरचा पापुद्रा मात्र परत बसत नाहीत. ज्या शहरात पूर येऊन गेलाय तिथे जुनं फर्निचर घेताना तळाचा खण बाहेर काढल्याशिवाय पैशांचं बोलूच नये. विक्रेता खण काढू देत नसेल तर तिथून निघावं.

विक्रेत्याने परत घ्यायला नकार दिला. शेवटी एकाने आरशासाठी म्हणून २,५०० ला नेलं. म्हणजे ९,९०० गेले.

१९ जानेवारी, रविवार

दुकानं बंद, वही उघडी. आज कुठेच गेले नाही. आईला घेऊन वाड्यात बसले आणि एकेका फडताळातलं सामान जमिनीवर मांडून मोजलं. हे आधीच करायला हवं होतं.

नऊवारी घडी चौदा बाय अकरा इंच. आजोबांच्या लांब वह्या तेरा बाय आठ. पितळी डब्यांचा व्यास नऊ, मोठं तपेलं पंधरा. गोधड्यांची घडी मात्र चोवीस बाय अठरा, त्या कुठेच नीट बसत नव्हत्या, माळ्यावरच असायच्या. मग फडताळांची खोली मोजली. सातही फडताळं तेरा ते साडेचौदा इंच. भिंत दोन फुटांची असूनही कोणी अठरा इंच खोल फडताळ केलेलं नाही.

आईने कारण सहज सांगितलं. "फडताळ उघडलं की सगळं समोर दिसायचं. मागे काही लपत नसे. म्हणून तर वस्तू हरवत नसत."

माझी सगळी शोधमोहीम इथे बदलली. आजचं कपाट दोन फूट खोल असतं, कारण हँगरवरचा शर्ट आडवा टांगायला बावीस इंच तरी लागतात. आपल्या घरात हँगरवर किती कपडे असतात ते मोजलं तर तीन फूट दांडी पुरते. बाकी सगळं घडीचं, डब्यातलं, वहीतलं. जुनी कपाटं घडीच्या कपड्यांसाठी केलेली, पंधरा-सोळा इंच खोलीची. लोक ती उथळ म्हणून नाकारतात आणि त्यामुळे ती स्वस्त मिळतात. आम्हाला तीच हवीत.

यादी अशी ठरली: सोळा इंचांच्या आसपासचं एक मोठं सागवानी कपाट, स्वयंपाकघरासाठी जाळीचं एक, बारीकसारीक वस्तूंसाठी खूप खणांचं एखादं, आणि घरचं जुनं गोदरेज. फडताळांतल्या मांडणीची नक्कल आईने खडूने फरशीवर काढून दिली, मी तिचे फोटो घेतले.

२६ जानेवारी, रविवार

दोन दिवसांत सात कपाटं पाहिली, घेतलं एकही नाही. मिस्त्रीकाका दोन ठिकाणी बरोबर आले, बाकी ठिकाणी मी एकटी बॅटरी, टेप, कापूस आणि स्पिरिटची छोटी बाटली घेऊन गेले.

पाहायचा क्रम आता असा: आधी पाठ, मग बूड, मग खण, शेवटी दार. पाठीला प्लाय असेल तर एक तर कपाट नंतरचं आहे किंवा पाठ बदलली आहे. बदललेली पाठ दोष नाही, पण मग किंमत जुन्याची देऊ नये. खणाच्या कोपऱ्यातले डव्हटेल सांधे (कबुतराच्या शेपटीच्या आकाराचे, एकात एक अडकणारे) एकसारखे, यंत्राने पाडल्यासारखे आहेत की कमीजास्त जाडीचे, हाताने कापलेले, ते पाहायचं. खणाच्या तळाखालून हात फिरवला की हातरंध्याच्या बारीक लाटा बोटांना लागतात, यंत्राच्या रंध्याला त्या तशा नसतात. दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यात बांबूची गोल मेख दिसली की समजावं, कुसू (लाकडाची जीभ) खाचेत घालून वरून मेख ठोकली आहे आणि तो सांधा पुन्हा उघडून बसवता येईल. नुसते खिळे मारलेले असले तर पुढे कधीतरी डुगडुगणारच.

स्क्रूसुद्धा बोलतात. चौफुली खाचेचे स्क्रू अमेरिकेत १९३० च्या दशकात आले. बिजागरीला ते असतील आणि विक्रेता शंभर वर्षांचं कपाट सांगत असेल, तर निदान बिजागऱ्या तरी बदललेल्या आहेत. एका दुकानात सगळंच 'अँटिक' होतं. १९७२ च्या कायद्यात पुरावस्तू म्हणजे किमान शंभर वर्षं जुनी वस्तू. तिथली तीन कपाटं १९६०-७० च्या घडणीची होती. मला ती वाईट वाटली नाहीत, लाकूड चांगलंच होतं. भाव तेवढा 'अँटिक' या शब्दाचा लावला होता.

स्पिरिट कशाला? कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून दाराच्या आतल्या कडेला, दिसणार नाही तिथे, अर्धा मिनिट घासायचा. पॉलिश चिकट होऊन कापसाला तपकिरी लागलं तर लाखेचं फ्रेंच पॉलिश आहे, आणि ते घरी दुरुस्त करता येतं. काहीच झालं नाही आणि थिनरने सुटलं तर लॅकर. दोन्हींनी सुटलं नाही तर पीयू (पॉलियुरेथेन) किंवा तेलरंग, म्हणजे खरवडण्याचं काम वाढलं. ही चाचणी विचारूनच करावी. एकाने नाही म्हटलं, मी निघाले.

एका ठिकाणी सोनेरी रंगाचं नक्षीकाम केलेलं एक कपाट 'संखेड्याचं' म्हणून दाखवलं. संखेडा बडोद्यापासून जवळच आहे, तिथलं काम मी पाहिलंय. त्यातली सोनेरी झाक कथलाच्या वर्खावर लाख चढवून येते, म्हणून ती खोलातून चमकते. हे वरून सोनेरी रंगाने काढलेलं होतं. शिवाय संखेड्याची ओळख म्हणजे कातलेल्या गोल दांड्यांचे पाळणे, झोपाळे, खुर्च्या. सामान ठेवायच्या कपाटासाठी तिथे जायची गरज नव्हती.

२ फेब्रुवारी, रविवार

मिळालं. रावपुऱ्यातलं एक जुनं घर पाडताना निघालेलं सामान होतं, त्यात हे. सात फूट एक इंच उंच, चार फूट दोन इंच रुंद, खोली साडेसोळा इंच. पाठ सोडून सगळं सागवान, काका म्हणाले वलसाडी साग असावा. दारांना आरसा नाही, साधे पॅनल. आत पाच फळ्या आणि मध्ये दोन खण. पाठ देवदाराची, एका कडेची फळी पांढरट. डाव्या दाराचं पॅनल आकसून चौकटीतून एका बाजूला दीड सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) सुटलेलं. २८,००० सांगितले, २२,००० ला ठरलं.

मग जिना. कपाट लिफ्टमध्ये जाणार नाही हे मला ठाऊक होतं, जिन्याची रुंदीही मी मोजली होती. वळण मोजलं नव्हतं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर सात फुटांचं कपाट अडकलं ते पुढेही जाईना आणि मागेही. चार माणसं पाऊण तास तशीच उभी. भिंतीचा रंग गेला, कपाटाच्या वरच्या नक्षीदार पट्टीचा एक कोपरा तुटला. शेवटी खाली आणून पार्किंगमध्ये ठेवलं. हमाली आणि टेम्पो मिळून २,६००.

संध्याकाळी काका आले आणि हळहळले. "मला आधी बोलवायचं ना." वरची पट्टी नुसती वर बसवलेली होती, उचलली की निघाली. आत कोपऱ्यांत चार लाकडी पाचरी होत्या, त्या ठोकून सैल केल्यावर दोन्ही बाजू, पाठ आणि बूड वेगळं झालं. जुनी मोठी कपाटं अशी सुटी होणारी केलेली असत, कारण घरांचे जिने अरुंदच असायचे. दोन मुलांनी अर्ध्या तासात सगळे भाग वर नेले. प्रत्येक भागावर आतून खडूने आकडा घातला आणि उलट क्रमाने जोडलं.

पाचरी शोधा. पॉलिश आणि धुळीखाली त्या दिसत नाहीत, बोटाने चाचपाव्या लागतात.

९ फेब्रुवारी, रविवार

जाळीचं कपाट ३,८०० ला मिळालं, टेम्पो ४०० मध्ये. चार फूट उंच, पंधरा इंच खोल, तीन बाजूंना जाळी. फ्रीज येण्याआधी दूध-दही, उरलंसुरलं ठेवायची हीच जागा. हिरव्या तेलरंगाचे तीन थर. पाय खालून दीड इंच कुजलेले, चारही. आई म्हणाली, हे ठरलेलंच. मुंग्या चढू नयेत म्हणून पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवत, वर्षानुवर्षं पाय पाण्यात. असं कपाट पाहताना पाय सुरीच्या टोकाने टोचून पाहावेत. वरून रंग शाबूत असतो, आत लाकडाचा भुगा झालेला असतो.

कुजलेला भाग तिरका कापून काकांनी जुन्या सागाचे तुकडे जोडले. अर्धा दिवस.

१६ फेब्रुवारी, रविवार

आजची चूक सगळ्यांत मोठी आहे, म्हणून सविस्तर.

हिरवा रंग काढायला दुकानात कॉस्टिक सोडा सुचवला गेला. स्वस्त, झटपट. मी बादलीत पाणी घेऊन त्यात सोडा विरघळवला आणि जाळीच्या कपाटाच्या चौकटीवर ब्रशने लावला. वीस मिनिटांत रंग बुडबुडे येऊन सुटला. मला फार आनंद झाला आणि मी उरलेल्या तिन्ही बाजूंनाही लावला. धुऊन वाळल्यावर सागाचा रंग काळपट तपकिरी, जागोजागी डाग. संध्याकाळी दार हलवलं तर कोपरा हातात आला. जुने सांधे सरसाने जोडलेले असतात. पाण्याने सरस मऊ होतो, सोड्याने तर सुटतोच. आणि सागातली टॅनिनसारखी द्रव्यं सोड्याने काळी पडतात. हे काकांनी फोनवर एका वाक्यात सांगितलं. मी त्यांना आधी विचारलं नव्हतं, कारण रविवारी त्यांना त्रास नको वाटला.

हातमोजे घातले होते, तरी मनगटावर दोन ठिकाणी चटका बसला.

२३ फेब्रुवारी, रविवार

दुरुस्ती. आधी व्हिनेगर पाण्यात घालून सगळी चौकट दोनदा पुसली, सोडा मरावा म्हणून. मग ऑक्झॅलिक ॲसिड, पन्नास ग्रॅम अर्धा लिटर गरम पाण्यात, ब्रशने लावून रात्रभर वाळू दिलं आणि सकाळी भरपूर पाण्याने धुतलं. हे विषारी आहे, मोजे, चष्मा आणि नाकावर मास्क हवाच, वाळलेली पावडर उडू द्यायची नाही. काळेपणा बारा आणे गेला. उरलेला तसाच आहे, मला आता तो खुपत नाही. सांधे काकांनी उघडून, जुना सरस खरवडून, फेव्हिकॉल लावून शिकंज्यात आवळले.

राहिलेल्या दारांचा रंग रिमूव्हरने काढला, पत्रीने ओलाच खरवडला. जुना तेलरंग कोरडा घासायचा नाही हे मात्र मला आधीपासून माहीत होतं. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाखांत ९० भागांच्या) आत ठेवायचा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसं किती असेल याचा भरवसा नाही आणि घरात लहान मूल असेल तर ती धूळ फार वाईट. खरवडलेलं सगळं वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत बंद केलं, फरशी ओल्या फडक्याने पुसली.

जाळी नवी लावली, स्टीलची. पितळेची परवडली नाही.

८ मार्च, शनिवार

सागवानी कपाटाखाली फरशीवर पिवळट पिठाची लहान ढिगोळी. पोटात गोळा आला. बॅटरीने पाठ तपासली तर देवदाराच्या त्या पांढरट फळीला टाचणीएवढी भोकं. बाकी कुठेही नाहीत. लाकूड पोखरणारा हा किडा कच्च्या, बाहेरच्या भागातच वाढतो, सागाचा पिकलेला गाभा त्याला आवडत नाही. म्हणून कपाट घेताना पांढरट कडा कुठे आहेत ते पाहायचं. मी पाहिलं होतं, पण ती पाठ आहे म्हणून सोडून दिलं होतं.

किडा जिवंत आहे की भोकं जुनीच आहेत, हे कळायला काकांची युक्ती: भोकांवर कागद चिकटवायचा, खाली काळा कपडा पसरायचा, आठ-दहा दिवस थांबायचं. मला थांबवेना. ती फळी काढून बदलली, शेजारच्या फळ्यांना आतून-बाहेरून बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं गरम पाण्यातलं द्रावण दोनदा पाजलं. ते फक्त कोऱ्या लाकडात मुरतं, पॉलिशवरून काही उपयोग नाही. पाठ कोरीच असते, म्हणून जमलं.

१६ मार्च, रविवार

धुळेटी झाली, हवा कोरडी आहे, पॉलिश सुरू. दीडशे ग्रॅम चपडी लाख एक लिटर स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवली, मलमलीतून गाळली. जुन्या धोतराच्या कापडात कापूस बांधून बोळा केला. काकांचा हात आठचा आकडा काढत फिरतो आणि कुठेही थांबत नाही. थांबला की तिथे बोळा चिकटून डाग पडतो. माझ्या हातून उजव्या बाजूवर असे चार डाग पडले, ते १८० नंबरच्या पेपरने घासून पुन्हा केले. नऊ हात झाले, मधे ३२० चा पेपर. पूर्ण तीन दिवस.

जाळीच्या कपाटाला लाख नाही लावली. गरम भांडं ठेवलं की लाखेवर पांढरा गोल उठतो. तिथे जवसाचं तेल दोनदा पाजलं. त्या तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. मी पाण्यात भिजवून, बाहेर पसरून वाळवली.

घरचं गोदरेज या गडबडीतच गाड्यांच्या रंगकामवाल्याकडून २,४०० रुपयांत रंगवून घेतलं. गोदरेजने पोलादी कपाटं १९२३ मध्ये सुरू केली. आमचं आजीच्या काळातलं, पत्रा जाड आहे. तळाला गंज होता, तो घासून आधी प्रायमर. खोली एकोणीस इंच, त्यात गोधड्या आडव्या घडीने बसल्या.

२३ मार्च, रविवार

काका गावी गेलेत. मी एकटीने डाव्या दाराच्या पॅनलची दीड सूत फट अरल्डाईट आणि सागाचा भुसा कालवून भरून टाकली. छान बसली, पॉलिशचा हात फिरवल्यावर दिसतही नाही.

कुलपाला किल्ली नव्हती. चावीवाल्याने कुलूप काढून नवी किल्ली घडवली, दोन पितळी बिजागऱ्या घेतल्या, मिळून १,१५०.

३० मार्च, रविवार, पाडवा

गुढी उभारून सामान लावायला घेतलं. आईच्या खडूच्या फोटोंप्रमाणे. वरच्या फळीवर नऊवाऱ्या पांढऱ्या मलमलीत गुंडाळून, लाकडाला थेट लागू न देता. मधल्या दोन फळ्यांवर आजोबांच्या वह्या, एक रांग, मागे काही नाही. साडेसोळा इंचांत हे बसतं आणि दोन इंच उरतात. आई खुर्चीवर बसून सांगत होती, मी लावत होते. तिला एकही वस्तू शोधावी लागली नाही.

उंच कपाट वरून दोन एल अँगलनी भिंतीला बांधलं. जड दार उघडं असताना मूल लोंबकळलं तर सात फुटांचं कपाट पुढे येऊ शकतं. याला दोनशे रुपयेही लागत नाहीत.

२० एप्रिल, रविवार

खूप खणांचं कपाट: वाचनालयाच्या कार्डांचं. बारा खण, प्रत्येकाला पितळी मूठ आणि नाव लिहिलेली चिठ्ठी सरकवायची चौकट, तळातून कार्डं ओवायची सळई. ६,५००. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून राज्यभर वाचनालयं उभी केली, पुस्तकांच्या लाकडी पेट्या गावोगाव फिरवल्या. ज्या शहराला वाचनालयांचा एवढा वारसा आहे तिथे ही कार्डांची कपाटं आता भंगारात येताना पाहून वाईट वाटलं. मी एक तरी घरात आणलं.

माझा विचार आजोबांची पोस्टकार्डं त्यात ठेवायचा होता. यावेळी आधी मोजलं. कार्ड साडेबारा सेंटिमीटर रुंद, म्हणून खण आतून तेराच्या थोडा वर. आपलं पोस्टकार्ड चौदा सेंटिमीटर. बसत नाही. मग पोस्टकार्डं वह्यांशेजारी डब्यात गेली आणि खणांत माजघरातल्या फडताळातलं बारीकसारीक आलं: फुलवाती, कापूर, वस्त्रं, जानवी, सुयादोरे, किल्ल्या. चिठ्ठ्यांवर आईने स्वतःच्या अक्षरात नावं लिहिली. सळया काढून एका खणात जपून ठेवल्यात.

आतापर्यंतचा खर्च: पहिल्या कपाटात गेलेले ९,९००, सागवानी कपाट हमालीसह २४,६००, जाळीचं ४,२००, काकांची मजुरी नऊ दिवसांची, १,१०० प्रमाणे ९,९००, लाख, स्पिरिट, पेपर, केमिकल, जाळी, लाकूड ४,३५०, कुलूप-बिजागऱ्या १,१५०, गोदरेजचा रंग २,४००, कार्डांचं ६,५००. एकूण ६३,०००. तीन हजार वर गेले.

१३ जुलै, रविवार

तीन आठवडे सारखा पाऊस. सागवानी कपाटाचं डावं दार बंद होईना. पाहिलं तर चौकटीचा खालचा सांधा दोन सूत उघडलाय. मधले दोन्ही खण घट्ट, एक तर निघतच नाही.

दार माझ्यामुळे बिघडलं. पॅनल चौकटीच्या खाचेत मोकळं ठेवलेलं असतं, डिंक न लावता, कारण फळी रुंदीत आकसते आणि फुगते. मार्चमधली फट म्हणजे बिघाड नव्हता, कोरड्या हवेतली तिची जागा होती. मी तिथे दगडासारखं अरल्डाईट भरलं. पावसात पॅनल फुगलं, सरकायला जागा नाही, तर त्याने चौकटच फोडली.

खणांसाठी शेजारच्यांनी रंधा मारायचा सल्ला दिला. काकांनी फोनवर ठाम नाही म्हटलं. आत्ता रंधा मारला तर फेब्रुवारीत खण खुळखुळतील. खणाच्या खालच्या कडेला आणि सरकायच्या पट्टीला पांढरी मेणबत्ती घासली. एक सुटला. दुसरा तसाच अडकलाय, त्यातलं सामान दिवाळीपर्यंत लागणार नाही.

२० जुलै, रविवार

काका आले, एक दिवस, १,१००. हेक्सॉच्या पात्याने अरल्डाईट कोरून काढलं, पॅनल मोकळं केलं, सांधा मेख काढून पुन्हा बसवला. दार लागतंय. कोरलेल्या जागी एक फिकट पट्टी उघडी दिसते. मी उत्साहाने त्यावर लाखेचा हात फिरवला तर पाच मिनिटांत ती दुधासारखी पांढरी झाली. दमट हवेत स्पिरिट उडताना ओल धरतं. काकांनी बोळा माझ्या हातातून घेतला, पांढरं झालेलं पुसून टाकलं आणि पट्टी कोरी ठेवली. दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली की येतो म्हणालेत, तेव्हा तो दुसरा खणही बघू.